हरितलवक, प्रकाशसंश्लेषण आणि दृश्यकेंद्रकी पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुंबईतल्या नववी ते बारावीच्या मुलांचे आहेत, त्यांच्या आईबाबांचे आहेत आणि गॅलरीत चार कुंड्या सांभाळणाऱ्या हौशी मंडळींचेही आहेत. उत्तरं लिहिताना मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. हरितलवक (वनस्पतीपेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा कप्पा) पेशीतून सुटं काढून शिकलं की गैरसमज होतात. पुस्तकात त्याची वेगळी आकृती असते, तिला वेगळे गुण असतात, त्यामुळे मुलं ते एकटंच पाठ करतात. प्रत्यक्षात केंद्रक, तंतुकणिका (श्वसन करून ऊर्जा मोकळी करणारे कप्पे), रिक्तिका (साठवणीची पिशवी) आणि पेशीद्रव्य यांच्याशिवाय ते फार काळ चालत नाही. जिथे हे नातं उघड दिसतं तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

दृश्यकेंद्रकी पेशी म्हणजे केंद्रक असलेली पेशी, एवढंच का?

केंद्रक ही तिची ओळख खरी, पण खरा फरक आकार आणि कप्पे यांत आहे. जीवाणूची पेशी साधारण १ ते ५ मायक्रोमीटरची असते, तर वडाच्या पानातली किंवा तुमच्या गालाच्या आतली पेशी १० ते १०० मायक्रोमीटरच्या घरात. पेशी मोठी होते तसं तिचं आकारमान पृष्ठभागापेक्षा झपाट्यानं वाढतं. मग सगळी कामं बाहेरच्या एका पटलावर उरकणं अशक्य होतं. दृश्यकेंद्रकी पेशीत ही पटलं आत आली आहेत. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड, लयकारिका, रिक्तिका, तंतुकणिका आणि वनस्पतींत लवकं (हरितलवक हे त्यांतलंच एक), असे कितीतरी कप्पे तयार झाले आहेत. प्रत्येक कप्प्यातली आम्लता वेगळी, विकरं (अभिक्रिया घडवून आणणारी प्रथिनं) वेगळी. शिवाय प्रथिनांच्या तंतूंचं एक जाळं या सगळ्यांना जागेवर धरतं आणि गरज पडली की हलवतंही.

केंद्रकाला त्याचं नाव रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ साली ऑर्किडच्या पेशी पाहताना दिलं. पण केंद्रक दिसलं नाही म्हणून पेशी लगेच आदिकेंद्रकी, म्हणजे जीवाणूसारखी, ठरत नाही. आपली तांबडी रक्तपेशी परिपक्व होताना केंद्रक टाकून देते. झाडाच्या रसवाहिनीतल्या चाळणी नलिकांनाही केंद्रक नसतं, शेजारची सहपेशी त्यांना सांभाळते.

वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यांत फरक काय?

वनस्पतीपेशीला सेल्युलोजची पेशीभित्तिका असते, एक मोठी मध्यवर्ती रिक्तिका असते आणि लवकं असतात. प्राणीपेशीत ही तिन्ही नसतात. प्राणीपेशीत तारककेंद्र असतं, ते सपुष्प वनस्पतींच्या पेशीत नसतं. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

मात्र एक चूक दरवर्षी उत्तरपत्रिकांत दिसते : "वनस्पतींत हरितलवक, प्राण्यांत तंतुकणिका." हे साफ चुकीचं आहे. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत तंतुकणिका असतात आणि त्या दिवसरात्र श्वसन करतात. झाड साखर बनवतं, ती वापरायची तर तिचं श्वसन करावंच लागतं.

प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक का दिसत नाही?

कांदा म्हणजे पानांचे जाडसर बुंधे. ते जमिनीत, अंधारात वाढतात आणि अन्न साठवतात. हरितलवकं तयार व्हायला प्रकाश लागतो. कांद्याचा पापुद्रा निवडला जातो तो सहज सोलला जातो आणि पेशींचा एकच पातळ थर मिळतो म्हणून.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्याच तासाला हायड्रिलाचं पानही दाखवा. क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यटाकीवाल्या दुकानांत ते मिळतं. पान इतकं पातळ असतं की काप घ्यावा लागत नाही. पाण्याच्या थेंबात अख्खं पान ठेवा, वर काचपट्टी ठेवा आणि ४०० पट वर्धन लावा. पेशींच्या कडेला हिरवे ठिपके दिसतील. दिव्याच्या उजेडात थोडा वेळ बघत राहिलं की ते ठिपके कडेकडेनं सरकू लागतात. पेशीद्रव्य वाहत असतं आणि त्याच्याबरोबर हरितलवकंही जातात. पाठ केलेली आकृती स्थिर असते, पेशी स्थिर नसते, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनासाठी हायड्रिलाच वापरली होती. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९२४ साली निघाला.

हरितलवकाच्या आत काय असतं?

बाहेरून दोन पटलं. आत पीठिका नावाचा दाट द्रव, त्यात विकरं, डीएनए आणि रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण). त्या द्रवात थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या. त्या एकावर एक रचल्या की ग्रॅना होतो. पिशवीच्या आत आणखी एक पोकळी. म्हणजे पटलं तीन आणि जागा तीन : बाहेरच्या दोन पटलांमधली फट, पीठिका आणि ही पोकळी. प्रकाशसंश्लेषण समजायचं तर ही तिसरी, थायलॅकॉइडच्या आतली जागा विसरून चालत नाही.

एका हरितलवकाची लांबी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर असते आणि पानाच्या मधल्या थरातल्या एका पेशीत ती डझनावारी असतात. हरितद्रव्य द्रवात तरंगत नसतं, ते थायलॅकॉइडच्या पटलात प्रथिनांमध्ये बसवलेलं असतं. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो.

पान हिरवंच का दिसतं?

हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश जोरानं शोषतं, हिरवा कमी. थिओडोर एंगलमान यांनी १८८२ साली हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी शैवालाच्या धाग्यावर लोलकातून फाकलेला प्रकाश टाकला आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धाव घेणारे जीवाणू सोडले. जीवाणू निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांत गोळा झाले.

पण "हिरवा प्रकाश वाया जातो" असं लिहू नका. सबंध पान हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग शोषतं, आणि तो पानाच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचून उपयोगी पडतो.

प्रकाशसंश्लेषणात नेमकं काय घडतं? दोन टप्पे कशासाठी?

पहिला टप्पा थायलॅकॉइडच्या पटलात घडतो. प्रकाशानं हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन उसळतो आणि पुढे सोपवला जातो. त्याची जागा भरायला पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढला जातो. हे काम मँगॅनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू असलेलं केंद्र करतं. पाणी फुटलं की ऑक्सिजन सुटतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं पूर्वी पुष्कळांना वाटे. रूबेन आणि कामेन यांनी १९४१ साली ऑक्सिजनचं जड समस्थानिक पाण्यात घालून शोध घेतला, तेव्हा बाहेर पडलेला ऑक्सिजन पाण्यातलाच निघाला. समीकरणात डावीकडे पाण्याचे १२ रेणू आणि उजवीकडे पुन्हा ६ का लिहितात, याचं उत्तर इथे आहे. ऑक्सिजनचे ६ रेणू म्हणजे १२ अणू. ते सगळे पाण्यातूनच यायचे तर पाण्याचे १२ रेणू फुटावेच लागतात.

इलेक्ट्रॉन पुढे जाताना हायड्रोजनचे आयन थायलॅकॉइडच्या आतल्या पोकळीत ढकलले जातात. तिथे त्यांची गर्दी होते. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पंपानं पाणी चढवून ठेवलं की ते नळाला जोरानं येतं, तसे हे आयन एका विकरातून बाहेर पडतात. त्या ओघानं ते विकर गरगर फिरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं संयुग, बनतं. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली. पुढे आंद्रे यागेनडॉर्फ यांनी १९६६ साली एक प्रयोग केला. त्यांनी थायलॅकॉइड संपूर्ण अंधारात आधी आम्लात भिजवले आणि मग एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकले. प्रकाशाचा एक किरणही नसताना एटीपी तयार झालं! प्रकाशाचं काम आयनांची गर्दी करणं एवढंच होतं, ती गर्दी दुसऱ्या मार्गानं केली तरी यंत्रणा चालली. मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं. सबंध विषयातला हा माझा सर्वांत आवडता प्रयोग आहे. अकरावीच्या मुलांना तो नुसता सांगितला तरी आकृतीतला प्रत्येक बाण का आहे ते कळतं.

दुसरा टप्पा पीठिकेत. तिथे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणाऱ्या अभिक्रियांचं एक चक्र चालतं. मेल्विन केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन क्लोरेला या शैवालाला दिला, काही सेकंदांत पेशी मारल्या आणि कार्बन कुठल्या संयुगात पोहोचला ते शोधलं. त्याबद्दल केल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं. कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू बांधून तीन कार्बनची एक साखर हाती येते, आणि त्यासाठी एटीपीचे ९ आणि एनएडीपीएचचे (पहिल्या टप्प्यातले इलेक्ट्रॉन वाहून आणणारं संयुग) ६ रेणू खर्ची पडतात. चक्रातून थेट ग्लुकोज निघत नाही. त्या तीन कार्बनच्या साखरेपासून हरितलवकात स्टार्च बनतं, आणि जी साखर पेशीद्रव्यात जाते तिचं सुक्रोज होऊन ती झाडभर पोहोचते.

या टप्प्याला "अंधारातली अभिक्रिया" म्हणणं सोडून द्यावं. ती अंधारात फार वेळ चालत नाही. एटीपी आणि एनएडीपीएच संपतात, शिवाय या चक्रातली काही विकरं प्रकाश असतानाच कामाला लागतात.

जुलैत मुंबईत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तेव्हा झाडांचं प्रकाशसंश्लेषण थांबतं का?

थांबत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांच्या एकेका पानाला मेच्या टळटळीत उन्हाचा निम्मा प्रकाशही पुरून उरतो, त्यापुढे वेग फारसा वाढत नाही. शिवाय ढगांतून येणारा प्रकाश सगळ्या बाजूंनी पसरलेला असतो, त्यामुळे वरच्या पानांच्या सावलीतल्या खालच्या पानांनाही वाटा मिळतो. काळोखी दाटून येते त्या दिवशी वेग नक्कीच घटतो.

अशा वेळी पेशीत काय होतं ते बघण्यासारखं आहे. प्रकाश मंद असला की हरितलवकं पेशीच्या प्रकाशाकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी पसरतात. ऊन कडक झालं की ती कडेच्या भिंतींना, एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. निळ्या प्रकाशाची जाणीव असलेली प्रथिनं इशारा देतात आणि पेशीतले ॲक्टिनचे तंतू त्यांना हलवतात. हरितलवक एकटं हे करू शकत नाही.

पावसाळ्यात कुंडीतलं झाड पिवळं पडतं. हरितद्रव्य कमी पडतं का?

दिसायला पान पिवळं, पण दोष बहुधा मुळांशी असतो. पावसाचं पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते. मुळांच्या पेशींत हरितलवकं नसतात, त्यांचा सगळा भार तंतुकणिकांवर, आणि तंतुकणिकांना ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही की मुळं क्षार ओढून घेऊ शकत नाहीत आणि वर पान पिवळं पडतं. आधी कुंडीचं तळाचं भोक मोकळं करा, खत मागाहून.

निचरा बरा असूनही शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, तर आधी कुठली पानं पिवळी झाली ते पाहा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर मॅग्नेशियमची कमतरता, कारण झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्याला देतं. कोवळी पानं आधी पिवळी पडली तर लोहाची, कारण लोह तसं हलवता येत नाही.

खारफुटी चिखलात उभी असते. तिची मुळं गुदमरत कशी नाहीत?

विक्रोळी, ऐरोली किंवा गोराईच्या खाडीकडेला ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या दिसतात. ती तिवराची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून ही मुळं हवेत डोकं काढून आतल्या पोकळ ऊतीतून खालच्या पेशींना हवा पुरवतात. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात, ते पानातल्या ग्रंथींनी बाहेर टाकलेले असतात. मीठ पेशीद्रव्यात साठलं तर हरितलवकातली विकरं बिघडतील.

याच खाडीत फ्लेमिंगो येतात. त्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडांचा. ही रंगद्रव्यं पक्षी स्वतः बनवू शकत नाही. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) आणि शैवाल यांनी प्रकाशसंश्लेषणाच्या कामासाठी बनवलेली रंगद्रव्यं अन्नातून पिसांत पोहोचतात. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो अशा असंख्य नात्यांमुळे.

पिंपळ आणि स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतात, हे खरं का?

नाही. नर्सरीत अशी पाटी लावून झाडं विकली जातात आणि लोक विश्वासानं घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर पाहिलं तसं, ऑक्सिजन सुटायला पाणी फुटावं लागतं आणि त्यासाठी प्रकाश लागतो. रात्री कुठलंच झाड ऑक्सिजन बाहेर सोडत नाही. पिंपळही नाही, तुळसही नाही. रात्री सगळ्यांच्या तंतुकणिका ऑक्सिजन घेतात.

मग हा समज आला कुठून? निवडुंग, कोरफड, अननस, स्नेक प्लांट, पानफुटी यांच्यात एक वेगळी रीत आहे. ही झाडं पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणजे पाणी कमी उडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत साठतो. सकाळी प्रकाश आला की ते आम्ल बाहेर काढून हरितलवकात वापरलं जातं. म्हणजे रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण ऑक्सिजन दिवसाच निघतो. दोन्ही गोष्टींची गल्लत झाली आणि पाटी तयार झाली. दक्षिण भारतात काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१५ साली छापलेल्या पत्रात नोंदवलं होतं, की पानफुटीचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो. रिक्तिका, पर्णरंध्रं आणि हरितलवक यांचं वेळापत्रक त्याला जिभेवर कळलं होतं.

आणि उलट भीतीही नको. झोपायच्या खोलीत दोन कुंड्या ठेवल्या म्हणून गुदमरायला होत नाही. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यापुढे कुंडीतल्या झाडाचं रात्रीचं श्वसन नगण्य आहे.

उसाचं आणि मक्याचं प्रकाशसंश्लेषण वेगळं असतं म्हणतात, ते कसं?

याचं मूळ रुबिस्को या विकरात आहे. कार्बन डायऑक्साइड धरणारं हे विकर फार संथ आहे, सेकंदाला साधारण तीनच रेणू. म्हणून पानात ते प्रचंड प्रमाणात असतं. दुसरी अडचण अशी, की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही धरतं. २५ अंश तापमानाला तीन-चार वेळा बरोबर काम झालं की एकदा अशी चूक होते, आणि उष्णता वाढली की चुका वाढतात. चुकीतून तयार झालेलं दोन कार्बनचं संयुग निस्तरायला हरितलवकातून पेरॉक्सिझोम या आणखी एका कप्प्यात, तिथून तंतुकणिकेत, पुन्हा पेरॉक्सिझोममध्ये आणि शेवटी हरितलवकात असा प्रवास होतो. वाटेत तंतुकणिकेत थोडा कार्बन डायऑक्साइड निसटतो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तीन अंगकं एकमेकांना चिकटून बसलेली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात ती याच देवाणघेवाणीसाठी.

ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी यांनी यावर तोड काढली आहे. बाहेरच्या पेशींत वेगळं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, त्याचं चार कार्बनचं आम्ल होतं, ते शिरेभोवतीच्या पेशींत जातं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड दाटीनं सोडलं जातं. रुबिस्को फक्त तिथेच असतं, त्यामुळे चूक करायला फारसा वाव उरत नाही. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसावर काम करून हा मार्ग मांडला. उसाच्या पानात दोन प्रकारची हरितलवकं असतात : बाहेरच्या पेशींत ग्रॅना भरगच्च, शिरेभोवतीच्या पेशींत जवळजवळ नाहीतच. भात आणि गहू मात्र जुन्याच मार्गानं जातात.

हरितलवक एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होतं, याला पुरावा काय?

पुरावा एक नाही, अनेक आहेत, आणि ते एकमेकांशी जुळतात. हरितलवक शून्यातून तयार होत नाही, आधीच्या लवकाच्याच विभाजनातून येतं. हे आंद्रेआस शिंपर यांनी १८८३ सालीच लक्षात आणून दिलं होतं. त्याचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. रायबोसोम जीवाणूंच्या मापाचे, पेशीद्रव्यातल्या रायबोसोमांपेक्षा लहान. जनुकं तपासली तर ती सायनोबॅक्टेरियांच्या सगळ्यांत जवळची निघतात. मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ साली ही कल्पना मांडली, आणि लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ सालच्या लेखात तंतुकणिकांसह ती पुन्हा उभी केली.

ते सायनोबॅक्टेरिया पाहायला दूर जायला नको. पावसाळ्यात आपल्या इमारतींच्या भिंतींवर जो काळपट-हिरवा थर चढतो, त्यात शैवालांबरोबर तेही असतात.

मात्र आताचं हरितलवक स्वतंत्र राहिलेलं नाही. त्याच्यापाशी शंभराच्या आसपास जनुकं उरली आहेत, लागणारी प्रथिनं मात्र हजारोंच्या संख्येत. बाकीची जनुकं केंद्रकात गेली. रुबिस्कोचंच पाहा : त्याच्या मोठ्या भागाचं जनुक हरितलवकात, लहान भागाचं केंद्रकात. लहान भाग पेशीद्रव्यात बनतो, दोन पटलं ओलांडून आत येतो, मग जुळणी होते. पृथ्वीवरचं बहुतेक अन्न ज्या विकरातून येतं, ते बनवायला दोन कप्प्यांतली जनुकं लागतात.

मलेरियाच्या परजीवीत हरितलवक असतं, हे खरं?

त्याचा अवशेष असतो. मलेरियाच्या प्लाझमोडियम परजीवीत एक छोटं अंगक आहे. त्याच्या पूर्वजांनी कधीकाळी एक लाल शैवाल गिळलं, त्या शैवालाच्या लवकापासून ते आलेलं आहे. त्यात हरितद्रव्य नाही, प्रकाशाशी त्याचा संबंध उरलेला नाही. तरी परजीवीला ते लागतं, कारण काही आवश्यक संयुगं तिथेच बनतात.

याचा वैद्यकीय उपयोग आहे. या अंगकाचे रायबोसोम जीवाणूंच्या धर्तीचे असल्यामुळे डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं तिथे घाव घालतात. औषध घेतल्यावर परजीवी लगेच मरत नाही, त्याची पुढची पिढी मरते, म्हणून ते एकटं न देता इतर औषधाच्या जोडीनं देतात. पावसाळ्यात ताप आला की मुंबईकराला मलेरियाची शंका येतेच, पण औषध मात्र रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं.

कैरी पिकून पिवळी होते आणि बटाटा उजेडात हिरवा होतो. दोन्ही एकच का?

एकाच घराण्यातल्या दोन उलट गोष्टी आहेत. कैरीच्या सालीतली हरितलवकं पिकताना बदलतात, हरितद्रव्य मोडतं, थायलॅकॉइड विरतात आणि कॅरोटिनॉइडं भरलेली वर्णलवकं होतात. हापूसच्या गराचा केशरी रंग याच कॅरोटिनॉइडांचा. बटाट्यात स्टार्च साठवणारी रंगहीन लवकं असतात, उजेड मिळाला की त्यांची हरितलवकं होतात. हिरवा रंग स्वतः विषारी नाही, पण त्याच उजेडानं सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं. हिरवा भाग जाड कापून टाका, फार हिरवा झाला असेल तर बटाटाच टाका.

मुंबईतली झाडं आपल्याला ऑक्सिजन पुरवतात, म्हणून वाचवायची ना?

झाडं वाचवायचीच, पण हे कारण कच्चं आहे आणि कच्च्या कारणानं बाजू दुबळी होते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे, तो कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. झाड जेवढा सोडतं त्यातला बराचसा त्याच्याच श्वसनात आणि पुढे पानं कुजताना परत वापरला जातो. जगातलं साधारण निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातले सूक्ष्मजीव करतात. आरेचं किंवा बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं मोल सावली, थंडावा, पाणी जिरणं, धूळ अडवणं आणि तिथले जीव यांत आहे. वर्षावृक्षाच्या सावलीत आणि शेजारच्या डांबरी रस्त्यावर पाय ठेवून पाहा, फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पर्णरंध्रांतून उडणारं पाणी हवा थंड करतं, आणि ती रंध्रं उघडली जातात कार्बन डायऑक्साइडसाठी. पत्र लिहायचं असेल, सुनावणीत बोलायचं असेल, तर हे मुद्दे घेऊन जा.

स्टार्चचा प्रयोग घरी करता येईल का?

मोठं माणूस सोबत असेल तर. पांढरे-हिरवे पट्टे असलेला मनी प्लांट तीन दिवस अंधारात ठेवा, मग सहा तास उन्हात. पान काढून त्यावरच्या हिरव्या भागांची आकृती कागदावर उतरवून घ्या. पान पाण्यात उकळा, मग स्पिरिटमध्ये ठेवून रंग काढा. स्पिरिटचं भांडं कधीही थेट आचेवर ठेवू नका. गॅस बंद करून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पान धुऊन त्यावर आयोडीन टाका. निळा-काळा रंग हिरव्या भागातच येतो, कारण पांढऱ्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नसतं. मग त्या पांढऱ्या पेशी जगतात कशावर? शेजारच्या हिरव्या पेशींनी पाठवलेल्या साखरेवर आणि स्वतःच्या तंतुकणिकांवर. हा प्रश्न प्रयोगवहीत नसतो, मुलांना जरूर विचारा.

माणसाच्या त्वचेत हरितलवकं घातली तर जेवावं लागणार नाही का?

हा प्रश्न मुलं सगळ्यांत जास्त विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. एलिसिया नावाच्या समुद्री गोगलगायी शैवाल खाऊन त्यातली हरितलवकं आपल्या पेशींत राखून ठेवतात, काही जातींत तर महिनोन्महिने. पण ती पुढच्या पिढीला मिळत नाहीत, दर पिढीला नव्यानं खावी लागतात. आपल्या पेशीत हरितलवक ठेवलं तर त्याची झिजलेली प्रथिनं भरून द्यायला लागणारी हजारो जनुकं आपल्या केंद्रकात नाहीत.

समजा तेही जमलं, तरी हिशेब बसत नाही. मुंबईत एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी साधारण ५ किलोवॉट-तास, म्हणजे ४३०० किलोकॅलरी ऊन पडतं. आपली त्वचा पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, त्यातली एका वेळी निम्मीच उन्हात. पिकं सबंध हंगामात उन्हातली एक ते दोन टक्के ऊर्जाच अन्नात साठवतात. त्या हिशेबानं हाती येतात चाळीस ते सत्तर किलोकॅलरी, आणि माणसाला दिवसाला लागतात दोन हजारांच्या वर. दिवसभर उघड्यावर उभं राहून मिळाली ती अर्धी-पाऊण चपाती.